तळहाताची धूळ

धुळीने बूट घसरू नयेत म्हणून सुधाताईंनी वाकून तळहाताने बुटांचे तळ पुसले आणि मग फ्री थ्रो टाकला. चुकला.

"आता बास करा, ताई!" प्रेक्षकांत माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ ओरडले. लोक हसले.

मी कळवळून म्हटलं, "अहो, या गावाला बास्केटबॉल यांनीच शिकवला."

"असेल. आता काय उरलंय त्यातलं?"

ताई लंगडत बाहेर आल्या. त्यांच्या जागी गेलेल्या मुलीला फ्री थ्रो मिळाला. तीही वाकली, तळहाताने बुटांचे तळ पुसले. इथल्या सगळ्याच मुली असं करतात. एखाद्याचं देणं सगळ्यांचं होऊन गेलं, की त्यावर त्याचं नावच राहत नाही.

"बघा, बघा ना हो!" मी शेजारच्या गृहस्थांचा दंड धरून हलवला.

त्यांनी हात सोडवून घेतला. त्यांना तिच्यासाठी टाळ्या वाजवायच्या होत्या.