क्वार्टरबॅकचं घराणं

पुण्याची, सॉफ्टवेअरमधली आणि कार्ल्सरूहेत राहणारी चार माणसं एकत्र आली की ती अमेरिकन फुटबॉलमधली तज्ज्ञ होतात. कशी, ते विचारू नका. त्यांच्यातल्या एकानंही तो लंबगोल चेंडू कधी हातात धरलेला नाही. पण रविवारी संध्याकाळी जर्मन टीव्हीवर सामने लागतात, दुकानं बंद असतात, बाहेर करायला काही नसतं, आणि मराठी माणसाला परीक्षक व्हायला एवढी कारणं पुरतात.

हा दरबार एका दादांच्या घरी भरायचा. दादा एका कंपनीत टीम लीड. मी आणि माझी रूममेट, दोघी विद्यापीठात भेटलेल्या. मी जायची ती वहिनींच्या पावभाजीसाठी. तिला मात्र नोकरी हवी होती. तिचं मास्टर्स झालं होतं, नोकरी शोधायला मिळालेला व्हिसा संपत आला होता, आणि दादांच्या टीममध्ये एक जागा निघाली होती. आतल्या माणसानं नाव सुचवलं की मुलाखतीला बोलावणं येतंच, हे दादांनीच सांगितलेलं. ‘सीव्ही दे तुझा, मी बघतो,’ असंही ते म्हणाले होते. तेव्हापासून ते बघतच होते.

‘आज पत्रकं वाटायची नाहीत,’ येताना बानमध्ये, म्हणजे इथल्या ट्राममध्ये, तिनं मला बजावलं. ‘माझं काम होऊ दे, मग कर तुझी क्रांती.’

‘मी कशाला काय बोलतेय?’ मी म्हटलं. ती हसलीसुद्धा नाही.

त्या दिवशी दरबारात तरुण क्वार्टरबॅकांची क्रमवारी लागायची होती. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. चेंडू त्याच्या हातात येतो, आणि तो कुणाकडे फेकायचा हे त्यानं अंगावर धटिंगण धावून येत असताना ठरवायचं. आज कोण कसा खेळतो याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं. उद्या कोण मोठा होणार, ते ठरवायचं होतं. लॅपटॉप टीव्हीशेजारी मांडलेला, एक्सेल उघडलेलं, आणि त्यात चक्क एक रकाना ‘बॅकग्राउंड’चा.

‘ह्याचे वडीलपण क्वार्टरबॅक होते. घरातच आहे रे खेळ. वर घे ह्याला.’

‘कॉलेज बघ ना कुठलं!’

‘आणि काय शांत मुलगा आहे. बोलतो किती व्यवस्थित.’

आता पत्रिका मागवतात की काय, असं मला वाटलं. ह्या शांत मुलानं गेल्या सामन्यात तीन वेळा चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला होता, पण चांगल्या घरातल्या मुलांकडून होतात अशा चुका. शिकेल.

मग यादीत एक काळा खेळाडू आला.

‘हा पळतो जबरदस्त.’

‘पळतो रे, पण डोकं? निर्णय घेणं वेगळं असतं.’

‘मेहनती आहे, तेवढं मान्य करायला पाहिजे.’

ही वाक्यं मला पाठ होती, फक्त क्वार्टरबॅकबद्दल कधी ऐकली नव्हती. माझ्या शाळेतल्या बाई माझ्या आईला सांगायच्या, ‘तुमच्यातली मुलं मेहनती असतात हो.’ आई आभार मानून घरी यायची.

तो मेहनती मुलगा तळाला गेला. टेबलाखालून रूममेटनं माझा पाय दाबला. मी पावभाजी खाल्ली. कांदा संपवला. लिंबू पिळलं. मग मोबाइल काढला आणि अत्यंत गोड आवाजात म्हटलं, ‘दादा, दोन खेळाडूंचा खेळ वाचून दाखवते. नावं नाही सांगत. वर कोण, ते तुम्ही सांगा.’

अचूकता वाचली. दबावाखाली घेतलेले निर्णय वाचले. चेंडू किती कमी वेळा गमावला, तेही वाचलं. चौघांचं एकमत झालं, ‘दुसरा! प्रश्नच नाही.’

दुसरा म्हणजे तोच, तळाचा. पहिला होता शांत मुलगा.

टीव्हीवर कसली तरी जाहिरात चालली होती. सगळ्यांनी ती मन लावून पाहिली.

‘आल्झो… म्हणजे तसं बघितलं तर, आकडे म्हणजे सगळं नसतं,’ एक जण म्हणाला. हा गृहस्थ ऑफिसात दिवसभर आकड्यांचे तक्ते बनवतो आणि त्याचाच पगार घेतो.

‘तू प्रत्येक गोष्टीत ते आणतेस,’ दादा म्हणाले.

‘ते म्हणजे काय, दादा?’

‘तेच गं. इथे जर्मनीत कोण बघतं ते?’

बरोबर. कोणीच बघत नाही. पहिल्या भेटीत माझ्या रूममेटला ‘आडनावावरून कळलं नाही, मूळचे कुठले तुम्ही?’ असं दादांनी विचारलं होतं, ते भूगोलाच्या आवडीपोटी.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली. माझी बाजू घेईल असं मला वाटलं.

‘दादा, माझ्या सीव्हीचं काय झालं?’

‘अगं हो, तो… मेहनती आहेस तू, प्रश्नच नाही. पण क्लायंटसमोर उभं राहायचं म्हणजे जरा वेगळं लागतं. तू आधी एखादी इंटर्नशिप कर. पोटेन्शियल आहे तुझ्यात.’

‘म्हणजे पाठवला नाही.’

‘बघतो ना. बघू.’

‘नको दादा. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. व्हिसा संपतोय माझा. बघू सांगून ऑसलेंडरबेहोर्डच्या व्हिसा-खिडकीवर मुदतवाढ मिळत नाही.’

दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी लोण्याच्या डब्याचं झाकण लावत होत्या. बराच वेळ लावत होत्या.

‘नाही,’ दादा म्हणाले. ‘सध्या तरी.’

‘थँक यू,’ ती म्हणाली. ‘वहिनी, अजून एक पाव मिळेल?’

वहिनींनी दोन दिले, भाजून.

परतीच्या बानमध्ये माझ्या डोक्यात अख्खं पत्रक तयार होतं, मथळ्यासकट. ‘अगं, त्या माणसानं…’

‘गप्प बस.’

दोन थांबे गेले.

‘तुझ्यामुळे गेलं असं वाटून घेऊ नकोस,’ ती म्हणाली. ‘तेवढी मोठी नाहीस तू. ते आधीच गेलं होतं. मी उगाच दर रविवारी भाजी खायला जात होते.’

तिनं फोन काढला आणि दादांच्या कंपनीच्या साइटवरची तीच जागा उघडली. सगळं भरलं. शेवटी फोटो. सीव्हीला फोटो जोडायची इथे रीत आहे, सक्ती नाही. तिचं बोट तिथे थांबलं.

‘नको लावूस,’ मी म्हटलं. ‘नाव पण काढता आलं तर काढ.’

‘आणि मुलाखतीला काय तोंडावर पिशवी घालून जाऊ?’

तिनं फोटो लावला, अर्ज पाठवला आणि फोन खिशात टाकला.

‘हं, बोल आता. काय त्या माणसानं?’

आमचा थांबा लांब होता. मी पहिल्यापासून सुरुवात केली.