शेजारच्या जागेवरचा रुमाल

चि. ईशा आणि चि. नील,

पॅरिसच्या जुन्या कॅबरेबाहेरचा तुमचा फोटो पाहिला. "आजी, तू अशा ठिकाणी कधी गेलीस?" असं विचारलंत. गेले होते. डोळ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आत लिहून ठेवते.

मी शाळेत इंग्रजी शिकवलं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... आजही नाही.

आदिलाबादहून मावल्याकडे जाताना जलशाची हवेली होती. भैंशाचे कापूसवाले, हैदराबादचे अंमलदार तिथे नाचगाणं पाहायला येत. निजामी गेली, हवेली बंद पडली. पुढे राज्यांची फेररचना आली. आम्हा मराठी नोकरदारांना लिहून द्यायचं होतं — इकडे आंध्रात राहणार की तिकडे मुंबई राज्यात जाणार. तुमचे आजोबा कामासाठी नांदेडला गेलेले, महिनाभर पत्र नाही. माझा कागद सोमवारी द्यायचा होता. रविवारी दुपारी घर खायला उठलं, म्हणून हवेली बघायला गेले.

राखणदार सखूबाईनं मला वर, चिकाच्या पडद्याआड बायकांच्या सज्जात बसवलं.

"एकल्याच आल्या? मालक कुठं हायत?"

"येतील."

"मंग शेजारी रुमाल टाका. मालक खाली येऊन बसले का दासी त्यात अत्तराचा फाया बांधे. बाईले समजे, आपला मानूस आला."

"आता कोण बांधणार?"

"काऊन हासता? रीत हाय. टाका."

टाकला. ती खाली दारात शेणसडा घालू लागली; पडद्यातून मला सतत दिसत होती. जिना एकच, तोही तिच्यामागे. रिकाम्या दिवाणखान्याकडे मी बराच वेळ पाहत राहिले. निघताना रुमाल उचलला — टोकाला गाठ, आत ओला फाया.

खाली येऊन दाखवला. सखूबाईनं शेणाचे हात पुढे केले. "मी नाई बाई. पाहा न! ...पन आले म्हना मालक."

मी जवळजवळ धावतच घरी आले. कुलूप तसंच. तरी दोघांच्या भाकरी थापल्या.

सोमवारी मी 'इकडे' लिहिलं. गाठीवर विसंबून, आपला माणूस इकडेच येणार म्हणून... कुणाला सांगणार? दिवाळीत आजोबा आले, ट्रंक न्यायला. त्यांनी 'तिकडे' लिहिलं होतं.

"त्या रविवारी कुठे होतात?"

"नांदेडलाच. तुला पत्र लिहीत होतो, 'तिकडे' लिही म्हणून. टाकायचं राहून गेलं."

आजी-आजोबांची दोन घरं का, असं तुम्ही लहानपणी विचारायचात. पेन्शनपर्यंत आम्ही तसेच राहिलो, मध्ये शनिवारची बस. सज्जात माझ्याशेजारी कोण येऊन गेलं, मला अजून माहीत नाही.

अत्तराचा वास केव्हाच गेला. रुमाल कपाटात वरच्या खणात आहे. गाठ मी सोडलेली नाही.

— आजी