आत्या आत जाऊन यायची

त्या दिवशी आत्या हॉटेलच्या भटारखान्यातून ओल्या हातांनीच बाहेर आली आणि खुर्चीत धपकन बसली. म्हणाली, "कढई मी स्वतः घासलीय. आता खाऊ दे पोरीला."

पोरगी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची मुलगी, सात वर्षांची. नाक एवढंसं म्हणून सगळे तिला बटण म्हणायचे. बटणला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे नुसतं पोट दुखतं असं नाही, ओठ सुजतात, घसा बंद होतो, जिवावर बेततं. एकदा बेतलंच होतं. तेव्हापासून भावाने बाहेरचं खाणं बंद करून टाकलेलं. पण आत्या कुठली ऐकतेय! बावीस वर्षं हॉटेलांच्या मोरीत भांडी घासलेली बाई ती, आतलं सगळं तिला ठाऊक. "वेटर नाही म्हणतो रे, पण त्याला काय माहीत? एकच झारा दहा कढयांत फिरतो," म्हणायची. कुठंही गेले की सरळ आत घुसायची.

आचारी ओरडायचा, "ओ मावशी, गिऱ्हाइकांनी इथं यायचं नाही."

"गिऱ्हाईक बाहेर बसलंय. मी तुझी मावशी ना? मग सरक जरा."

भावाला लाज वाटायची, तो मेनूकार्डात तोंड घालून बसायचा. पण आत्या आत जाऊन आली की बटण चार पोरांसारखी हॉटेलात जेवायची, पाय हलवत, बडबड करत. महिन्यातून एकदा का होईना.

तर त्या दिवशी भात आला. बटणने एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. नियमच होता तसा, पहिल्या घासानंतर वीस मिनिटं थांबायचं. भाऊ तिच्या ओठांकडे बघत होता, वहिनी घड्याळाकडे. घसा बंद व्हायला लागला तर टोचायचं इंजेक्शन टेबलावर काढून ठेवलेलं. हॉस्पिटल कोपऱ्यावर, तेही आधी बघून ठेवलेलं. आत्याकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं.

बटणच म्हणाली, "बाबा, आत्याला किती घाम आलाय."

"आत उकडतं गं," आत्या म्हणाली. "वीस झाली का रे?"

"चौदा, ताई."

"मग थांबू दे तिला."

एवढं बोलली आणि टेबलावर कलंडली.

भावाने झटकन इंजेक्शन उचललं. त्याला तेवढं एकच औषध माहीत. टोपण काढलं आणि हात तसाच राहिला. हे ताईला द्यायचं का? दिलं तर वाचेल, का दिल्यानेच जाईल? वहिनी ओरडत होती, "अहो, करा ना काहीतरी!" शेवटी आचाऱ्याने आणि वेटरने मिळून तिला उचललं. हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, तरी पोचेपर्यंत आत्या गेली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचं होतं, दुपारपासून छातीत दुखत असणार. ते इंजेक्शन दिलं नाहीत ते बरं केलंत. भावाला दुपार आठवली. दुपारी ताईला विचारलं असतं, कशी आहेस, तर? पण विचारलं होतं ते एवढंच, संध्याकाळी येतेस ना, बटण वाट बघतेय.

महिनाभराने बटणच्या मैत्रिणीने वाढदिवसाची पार्टी एका हॉटेलात ठेवली. भाऊ आदल्या दिवशी एकटाच तिथं गेला. आचारी भला माणूस, त्याने स्वतःहून आत नेलं. "बघा साहेब, सगळं उघडं आहे. काय बघायचं ते बघा."

भाऊ उभा राहिला. कढया, झारे, तेलाचे डबे, ओली फडकी. सगळं स्वच्छच दिसत होतं. पण बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? ताई आत जाऊन काय बघायची, हे त्याने तिला कधी विचारलंच नव्हतं.

"मग? उद्या आणताय ना मुलीला?"

"कळवतो," भाऊ म्हणाला. बाहेर रस्त्यावर येऊन त्याने मैत्रिणीच्या आईला फोन लावला आणि बटणला ताप आलाय म्हणून सांगितलं.