हवालदारबाईंच्या वाट्याला आलेलं चित्र

"घाई कुणाला हाय?" असं म्हणून हवालदारबाई हातातल्या बांगड्या काढायच्या, रुमालात बांधायच्या आणि मगच रायफलीला हात लावायच्या. तोवर शेजारच्याचे चार-पाच छर्रे उडालेले असायचे. बाईंचं आपलं सावकाश. पण संध्याकाळी मी सगळ्यांचे कागद गोळा करून गुण मोजायला बसलो, की त्यांच्या कागदावर मधोमध एकच मोठं भोक दिसायचं. सगळे छर्रे एकामागून एक त्यातूनच गेलेले.

आमचा रायफल क्लब म्हणजे सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या चादर कारखान्याची शेड. वर पत्रा. एप्रिलमध्ये आत उभं राहिलं की नेम धरण्याआधी घाम डोळ्यांत उतरतो. मी पोस्टातून रिटायर झालेला माणूस. मला नेमबाजी येत नाही. मी कागद लावतो आणि गुण मोजतो. खेळणाऱ्यांपेक्षा बाजूला बसणाऱ्याला माणसं जास्त दिसतात, हे तुम्हीही कधीतरी अनुभवलं असेल.

बाई ड्यूटी संपवून यायच्या. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. क्लबात एक डॉक्टर महागडं जाकीट घालून यायचे. त्यांचा नेम बिघडला की बाई भाकरीचा तुकडा पुढे करायच्या.

"खावा डॉक्टर. उपाशी माणसाचा हात हालतो."

"अहो, मी जेवून आलोय."

"मग लई जेवला असाल."

डॉक्टरही हसायचे आणि तुकडा घ्यायचे.

बाई सगळ्यांशी बोलायच्या, पण स्वतःबद्दल नाही. कुणी विचारलं, "बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?" तर म्हणायच्या, "सोलापूरच्याच की." आणि रायफलीची नळी पुसायला घ्यायच्या. आडनाव कधी सांगत नसत. आम्हालाही गरज पडली नाही. हवालदारबाई म्हटलं की झालं.

मग क्लबचा वर्धापनदिन आला. माळा आवरताना आमच्या सेक्रेटरींना एक पत्र्याची ट्रंक सापडली. सेक्रेटरी सुताचे व्यापारी. जुनी वस्तू दिसली की त्यांचे डोळे चमकतात. ट्रंकेत नेमबाजीचे जुने छापील कागद होते, आमच्या जन्माआधीचे असावेत. हल्लीसारखी काळी वर्तुळं नव्हेत, रंगीत चित्रं. झेप घेणारा वाघ, रानडुक्कर, मान उंचावलेला माळढोक. प्रत्येकाच्या छातीवर लहानसं वर्तुळ. माळढोक बघून कुणीतरी म्हणालं, "आता हा नान्नजच्या अभयारण्यातही शोधून दिसत नाही, इथं कागदावर भेटला." आणि एका कागदावर माणूस होता. उघडा, मांडीपर्यंत धोतर, केसांची गाठ, कानात वाळी, खांद्यावर दोरीची वेटोळी. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'चोर'.

सेक्रेटरींनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जे चित्र येईल त्यावर नेम धरायचा. बाईंच्या चिठ्ठीत चोर निघाला आणि शेड हसून दणाणली.

"पोलिसाला चोर मिळाला!"

"सोडू नका बाई, लॉकअपमध्ये टाका!"

बाईही हसल्या. कागद मीच लावला. त्या दिवशी त्या "घाई कुणाला हाय?" म्हणाल्या नाहीत. बांगड्याही काढल्या नाहीत. भराभर छर्रे मारून मोकळ्या झाल्या. तरी सगळे छातीवरच्या वर्तुळात. पहिला नंबर. टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींनी हौसेनं तो कागद काचेच्या फ्रेममध्ये घालून दारासमोरच्या भिंतीवर लावला आणि खाली 'हवालदारबाई' अशी पट्टी चिकटवली.

त्यानंतर बाई बरेच दिवस फिरकल्या नाहीत. एका दुपारी आल्या तेव्हा शेडमध्ये मी एकटाच होतो. त्या फ्रेमसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काका, ह्याच्या खांद्यावर काय हाय, बघा बरं."

"दोरी आहे."

"फासे हायत. तित्तर धरायचे. माज्या आज्याच्या खांद्यावर असंच असायचं, आई सांगती. बघा की, ह्याच्या हातात चोरीचं काय हाय?"

मी जवळ जाऊन पाहिलं. हातात काहीच नव्हतं. कमरेला लहानसा पिंजरा होता, त्यात एक तित्तर. हा कागद मी माझ्या हातांनी लावला होता, त्यावरची भोकं भिंगातून मोजली होती. मला पिंजरा दिसला नव्हता.

"आमी पारधी," बाई म्हणाल्या. "खात्यात माहीत हाय. हितं सांगितलं न्हवतं. हितं मला नुसती हवालदार म्हणून राहायचं हुतं."

मी म्हणालो, "त्याच दिवशी सांगितलं असतं तर..."

"सगळे हसले, काका. मी बी हसले. छर्रे मारल्याचं येक वेळ सोडा, त्या हसण्याची लाज जात न्हाय."

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. त्यांच्या आईला कुठून तरी कळलं होतं की लेकीला बक्षीस मिळालं आणि ते क्लबात टांगलंय. रविवारी ती बघायला येणार होती.

"मी आत्ता काढून ठेवतो," मी म्हणालो.

"नको. का काढलं म्हणून इचारतील. मग सांगावं लागंल. आईला वाचता येत न्हाय, डोळंबी अधू झालेत. बघंल अन् जाईल."

रविवारी आई आली. वाळलेल्या अंगाची, ताठ चालणारी म्हातारी. सेक्रेटरी स्वतः खुर्ची घेऊन पुढे झाले. "या मावशी, तुमच्या लेकीनं क्लबचं नाव काढलं!" मावशी बसल्या नाहीत. थेट फ्रेमपाशी गेल्या आणि काचेला नाक लागेल इतक्या वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग आपल्या बोलीत काहीतरी मोठ्यानं म्हणाल्या. ती बोली त्या शेडमध्ये आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मग आमच्याकडे वळून, आम्हाला कळावं म्हणून मराठीत म्हणाल्या,

"माजा बा, माजा अण्णा हाय की ह्यो! अगदी असाच हुता. कुणी काडला?"

तोंडभर हसत होत्या. त्या परत वळल्या आणि काचेवरून बोट फिरवलं.

"अन् ही भोकं कशाची?"

डॉक्टर जमिनीकडे बघत होते. सेक्रेटरींच्या हातात खुर्ची तशीच. मी बाईंकडे पाहिलं. त्यांना काहीही सांगता आलं असतं. वाळवी म्हणाल्या असत्या, तरी चाललं असतं.

"खाली चोर लिवलंय, आई," बाई म्हणाल्या. "नेम धराया लावलं हुतं. छर्रे मी मारले."

म्हातारीचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, ओठांवर थोडा वेळ उगीच राहिलं. मग त्यांनी लेकीच्या गालाला हात लावला. मारतात की काय असं मला वाटलं. नुसता लावला.

"काड त्येला," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरींनीच फ्रेम उतरवली. मागचे खिळे काढून कागद मोकळा केला. "मावशी, आम्हाला माहीत नव्हतं," ते म्हणाले. मावशींनी कागद घेतला, गुंडाळून पदराखाली धरला. "तुमाला कसं म्हाईत असंल?" एवढंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी रिक्षा बघतो म्हणालो, तर दोघी चालत निघाल्या.

हवालदारबाई पुन्हा आल्या नाहीत. सेक्रेटरींनी दोनदा फोन केला. बाई नीट बोलल्या, येते म्हणाल्या, आल्या नाहीत. पुढे त्यांची बदली बार्शीला झाली.

त्यांचे हातमोजे क्लबात राहिले होते, ते द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. बाई बार्शीलाच होत्या, घरी मावशी एकट्या. मावशींनी ओळखलं, बसवलं, चहा ठेवला. समोरच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी तो माणूस होता. खालची अक्षरं कातरून टाकलेली. छातीवरच्या भोकांना मागून पिवळा कागद चिकटवलेला.

मी बघतोय हे मावशींनी पाहिलं.

"अण्णा न्हवं त्यो, कळतंय मला," त्या म्हणाल्या. "पर आमच्याकडं अण्णाचा दुसरा फोटू कुटं हाय?"

त्यांनी कप हातात दिला. मी मान खाली घालून बशीत चहा ओतला, आणि तो संपल्यावरही पुष्कळ वेळ बशीतच बघत बसलो.