मुडपलेलं बोट

दिघोरीच्या शकुबाईचं बी.ए.चं दुसरं वर्ष शेताच्या बांधावरच चाललं होतं. दुपारचं जेवण झालं की ती मोबाईलवर धडा ऐकायची. समोर पाणी भरलेल्या भाताच्या बांधीत आभाळ उतरलेलं असायचं, आणि धड्यातले समुद्र, धड्यातली राज्यं त्याच पाण्यात तरंगायची. अशा वेळी कुणी हाक मारली तर ती ओ द्यायची, पण कुठून तरी लांबून.

यंदा ऐन रोवण्यात विद्यापीठाला आपल्या विद्यार्थ्यांची डिजिटल साक्षरता मोजायची हुक्की आली. अभ्यासकेंद्रात टॅबवर वीस मिनिटांत वीस कामं करायची. बारापेक्षा कमी जमली तर दर रविवारी केंद्रात येऊन शिकायचं. भाताची लावणी सोडून रविवार कुठून आणायचा? शकुबाईचं शिक्षण तिथेच संपलं असतं.

तशी ती निर्धास्त होती. पण टॅबवर बोट टेकवलं तर काहीच हलेना. पंधरा दिवस चिखलात रोपं रोवून बोटांची टोकं सोलवटून, वाळून राठ झाली होती. घरी मोबाईलवर ती बोट मुडपून सांध्याने काम भागवायची. इथे पुढच्या रांगेतली पोरं टोकांनी भराभर पडदा सरकवत होती, आणि तिला लाज वाटली. ती पदराने बोट पुसत राहिली. आठ मिनिटं अशीच गेली.

टॅबच्या काचेत खिडकीतलं आभाळ उतरलं होतं. शकुबाई त्यात हरवली. पायाखाली गार चिखल, हातात रोपांची जुडी, आणि ती वाकून आभाळातच रोवत निघाली होती.

"बाई, तुमाले येत नाही का?" केंद्रातल्या निकेश सरांनी विचारलं.

ती दचकली. "मले येते जी. बोटाले येत नाही."

सर हसले नाहीत, पण त्यांचं पेन हातातल्या यादीतल्या 'येत नाही'च्या रकान्याकडे निघालंच होतं. लाज गेली चुलीत, म्हणत तिने बोट मुडपून काचेवर ठोकलं. टक. पान उघडलं. टक, टक. ईमेल गेला, फोटो जोडला गेला, अर्ज भरला. वेळ संपली तेव्हा पडद्यावर तेरा होते.

तिचा जीव भांड्यात पडला. मग शेजारी पाहिलं, तर गावचीच गोदावरीबाई हात पदराखाली लपवून बसलेली. तिच्या पडद्यावर दोन.

"सर, इले अजून एकदा बसू द्या जी. इचे बी बोटं रोवण्यातलेच आहेत."

सरांनी गोदावरीबाईचा हात पाहिला. यादीतला तिचा आकडा खोडला आणि टॅब पुन्हा सुरू केला.

"गोदावरी, बोट मुडप," शकुबाई म्हणाली.

थोड्या वेळाने मागच्या रांगेत पुन्हा सुरू झालेल्या टॅबवरूनही टकटक ऐकू येऊ लागली.