आधी पातेलं घासलं

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. खोटं नाही ते. शेजारणीच्या सुनेचं डोहाळजेवण ठरायच्या आत मी ते अर्ध्या राजापेठेत पोचवलेलं असतं. माझे गुडघे, माझं पित्त, आमच्या गेलेल्या मालकांचं घोरणं — सगळं जगाला सांगून बसले आहे. एक गोष्ट तेवढी नाही सांगितली. मुलाला नाही, सुनेला नाही. देवालासुद्धा नाही — त्याच्यापुढे मी नुसतं 'सांभाळून घे रे बाप्पा' म्हणते, आणि काय सांभाळायचं ते गाळते.

तुम्हाला सांगते. तुम्हालाच काहून, ते नका विचारू.

तुम्ही मला बहुतेक पाहिलेलं आहे. उन्हाळा लागला, की तुमच्या फोनवर एक व्हिडिओ येत असेल — 'टरबूज कापण्याआधी हे पाहा'. खाली भुताच्या सिनेमासारखं वाजत असतं. आणि डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी थरथरत्या बोटाने टरबुजाच्या सालीवरचा एक ठिपका दाखवते. ठिपक्याभोवती लाल गोल. म्हातारी म्हणते, "सुईचं भोक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

ती मी. पदर मी एरवी कधी घेत नाही. बोटही थरथरत नव्हतं, ते मी थरथरवलं.

तेव्हा मी तरुण होते. हसू नका — पासष्टीची बाई आता मला तरुणच वाटते. आणि तरुण बाईला असते तेवढी सगळी हौस त्या बाईला होती. चारचौघांत आपण दिसावं, लोकांनी आपलं ऐकावं, घरात तर नक्कीच ऐकावं. घरात मात्र सुनेचं चालत होतं. सून शाळेत शिकवते, आणि घरी आल्यावरही शिकवायची थांबत नाही. मीठ किती, तेल किती, फ्रिजमध्ये काय कुठे. बिचारी बरोबरच असायची. तोच तर माझा राग होता.

तर त्या वर्षीची अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी पितरांचं पान असतं, आणि पानावर चिंचवणी लागतेच — चिंचेचा कोळ, गूळ, वेलदोडा, गार गार. माझ्या सासूबाईंना ती फार आवडायची. त्यांच्या नावाचं पान म्हणून मी त्यांचंच पितळी पातेलं माळ्यावरून काढायला लावलं. सून म्हणाली, "आई, त्याची कल्हई पार गेलीय. आंबट कळकेल त्यात. स्टीलमध्ये करा ना." मी म्हटलं, "तुझ्या स्टीलच्या जन्माआधी या पातेल्यात तीन पिढ्या जेवल्या." किती छान वाक्य! मी दोन दिवस त्या वाक्यावर खूश होते. कल्हई गेलेली मलाही दिसत होती बरं का. आत पिवळं धम्मक पितळ उघडं पडलं होतं. पण सुनेने म्हटल्यावर ते मला दिसायचं बंद झालं.

तरी पुन्हा कटकट नको म्हणून मी चिंचवणी सुनेच्या नकळत केली, पातेलं माझ्या खोलीत झाकून ठेवलं आणि वाट्या तेवढ्या भरून बाहेर आणल्या. नैवेद्य झाला, जेवणं झाली, चिंचवणी उरली. पितरांचं उरलेलं फेकायचं कसं? राहू दिली तशीच, त्याच पातेल्यात, रात्रभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंदाकडून टरबूज आणलं. मंदाचं तुम्हाला सांगायला हवं. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या भिंतीला लागून ती टरबुजाचा ढीग लावून बसायची. गाव बाळापूरकडचं, नवरा नदीच्या पात्रात टरबुजाची वाडी करायचा. माझं माहेर बाळापूर, म्हणून ती मला आत्याबाई म्हणायची. फळाला टपली मारून कान लावायची आणि सांगायची, "हे नोका नेऊ आत्याबाई, हे दुसऱ्या कोनाले तरी देतो." त्या 'दुसऱ्या कोनाले'वर आम्ही दोघी खूप हसायचो.

दुपारी नात क्लासवरून आली. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. तिने टरबुजाची एक फोड खाल्ली आणि मग विचारलं, आजी, कालची चिंचवणी आहे का? मी दोन पेले भरून दिले. मी स्वतः नाही घेतली, मला पित्त आहे ना. तिसरा पेला मागताना ती म्हणाली, तोंड कसंतरीच लागून राहिलं. आणि मग तिला उलटी झाली. हिरवट. मग अजून एक. पोरगी पांढरीफटक पडून मोरीपाशी बसली.

मी बागायतदाराची लेक आणि चाळीस वर्षं चुलीपाशी घालवलेली बाई. मला त्या क्षणी कळलं — चिंचवणी कळकली होती. कळलं, हे इथे नीट वाचा. मग मी काय केलं असेल?

मी आधी पातेलं घासलं.

उरलेली चिंचवणी मोरीत ओतली, वर बादलीभर पाणी सोडलं, पातेलं राखेने घासून लखलखीत केलं आणि पोत्यात गुंडाळून पलंगाखाली सारलं. पोर तिथेच भिंतीला डोकं टेकून बसली होती. मला म्हणत होती, आजी, पाणी. मी म्हणत होते, थांब बाई, आले. मग रिक्षा बोलावली. मग मुलाला फोन.

दवाखान्यात डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी सरळच विचारलं, "काल अक्षय तृतीया झाली. चिंचवणी दिली का हिला? पितळेतली?" बघा, दार कसं सताड उघडं होतं. सून तोवर पोचली होती, माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "छे, स्टीलमध्ये केली होती. टरबूज तेवढं खाल्लं तिने." सुनेने माझ्याकडे कसं पाहिलं सांगू? कृतज्ञतेने. सासूने एकदा तिचं ऐकलं होतं ना!

सलाइन लावलं, उलट्या थांबल्या. पोर झोपली. हे इथेच संपलं असतं, तर मी एक खोटारडी सासू म्हणून सुखाने मेले असते. पण बाहेर बाकावर एक बूमवाला बसला होता. चॅनेलवाले तोंडापुढे धरतात त्या रंगीत दांडक्याला बूम म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. तो उष्माघाताची बातमी शोधायला आला होता आणि त्याला हवा तसा पेशंट मिळेना. 'टरबूज' हा शब्द कानावर पडला आणि त्याचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं ह्याला मुलगा झाला.

"आजी, इंजेक्शन मारलेलं होतं का हो? लाल रंगाचं?"

मी म्हटलं, असेल बाबा, तसं वाटतं.

"'वाटतं' नका म्हणू आजी. 'पाहिलं' म्हणा. आणि जरा हळू, थांबून थांबून."

तर मी थांबून थांबून म्हटलं. पहिल्यांदा त्याला आवडलं नाही. दुसऱ्यांदा पदर घ्यायला सांगितला. तिसऱ्यांदा त्याने काही सांगायची गरजच उरली नव्हती, कारण मी रडत होते. मग तो घरी आला, फ्रिजमधलं अर्धं टरबूज काढलं, आणि मी सालीवरचा ठिपका दाखवला. तो ठिपका फळमाशीच्या डंखाचा होता. माझ्या बापाच्या वाडीत असे डंख लागलेली फळं मी लहानपणी टोपलीभर वेचली आहेत. महाराष्ट्रात ज्या कुणाला तो ठिपका कशाचा हे माहीत असेल, त्यात मी होते.

त्याने मला फसवलं, असं म्हणू का? सोपं पडेल. पण त्याने शब्द पुढे केला आणि मी तो आनंदाने उचलला. विक्रेती कोण, असं त्याने विचारलं तेव्हा क्लासची ती भिंतसुद्धा मीच सांगितली.

संध्याकाळपर्यंत 'आजीचा थरारक खुलासा' सगळ्या गावात झाला. थरारक! तोवर माझ्या आयुष्यात थरारक म्हणावं असं, एक जिन्यावरून घसरले होते, तेवढंच. फोन वाजायचा थांबेना. अकोल्याची वहिनी, परतवाड्याची मावसबहीण, आमच्या भिशीतल्या झाडून सगळ्या. सून मला चहा करून द्यायला लागली. खोटं काय सांगू — मला ते सगळं फार आवडलं.

मंदाचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी आला. मी तो पलंगावर बसून पाहिला, खाली पातेलं. तिच्यासमोर तीन-चार बूम, मागे माणसं. ती टरबूज फोडत होती आणि म्हणत होती, "मी खाऊन दाखोतो ना साहेब, हे पाहा, मी खातो." एक फोड खाल्ली. कुणीतरी म्हणालं, हे नाही, ते खा. तिने ते फोडलं, ते खाल्लं. मग अजून एक. रस हनुवटीवरून लुगड्यावर गळत होता, तोंड भरलेलं, आणि डोळ्यांतून पाणी. लोक हसत होते. वर अक्षरं फिरत होती — 'विक्रेतीचा ड्रामा'. मग कुणाची तरी लाथ ढिगाला लागली. रस्ताभर लाल लाल झालं.

अन्न खात्याची माणसं आली, टरबुजांचे नमुने घेऊन गेली. पुढे कळलं, त्यात काही निघालं नाही. बूमवाल्याला मी विचारलं, हे नाही का दाखवणार? तो म्हणाला, "आजी, काहीच नाही सापडलं, याची काय बातमी होते?" आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं.

मंदा पुन्हा त्या भिंतीपाशी दिसली नाही.

मी मात्र अडकले ती अडकलेच. तो व्हिडिओ दर उन्हाळ्यात परत येतो, माझ्याआधी माझ्या घरात शिरतो. मला सकाळी फोन उघडायची भीती वाटते, आणि उघडला की मीच बोलत असते. दरवर्षी कुणी तरी नवीन बूमवाला दारात — आजी, यंदा पनीरवर बोला. प्लास्टिकच्या तांदळावर तर मी एकदा बोललेसुद्धा. नाही म्हटलं, तर काहून नाही, हे सांगावं लागेल ना! आमच्या घरात टरबूज येत नाही, आणि मला ते जिवापाड आवडतं. सून काळजीने म्हणते, आई, तुम्हाला ते सगळं परत आठवायला नको. पातेलं मी अकोल्याला जाताना पिशवीत दडवून नेलं, आणि जुन्या बाजारात कल्हई लावून आणलं. आता सुनेने ते हॉलमध्ये ठेवलं आहे, खोटी फुलं घालून. पाहुण्यांना दाखवते — आमच्या आजेसासूबाईंचं. मी समोरच्या खुर्चीवर बसते. दुसरी खुर्ची माझ्या कमरेला चालत नाही.

एवढंच असतं, तरी मी गप्प राहिले असते. मला ओळखते मी. पण गेल्या वर्षी भाच्याच्या मुलीच्या लग्नाला अकोल्याला गेले. गोळीसाठी कोमट पाणी हवं म्हणून लग्नाच्या हॉलच्या मागे गेले. तिथे बायका काकड्या चिरत होत्या. त्यातली एक उठली.

"आत्याबाई!"

मंदा. केस पांढरे झालेले. मला वाटलं, आता ही सगळ्या बायकांसमोर माझी सालं काढणार — आणि तुम्हाला पटणार नाही, पण मला बरं वाटलं. सुटले, असं वाटलं.

तिने हात पदराला पुसले, माझा हात धरला आणि विचारलं, "पोरगी कशी हाये हो आता? मी लय दिवस झुरत होती. इचारावं कोनाले?"

तीच बोलत राहिली. मालकाले मी म्हनलं, तुमीच तोडीच्या तोंडावर औषधाचा फवारा मारला असन, तुमाले घाई लय. थो पोराची शपथ घे, म्हने मारला नाई. मी नाई आयकलं. एवढी मोठी बाई टीवीवर खोटी बोलन का? लय भांडलो आमी. वाडी सोडली मंग त्यानं. तवापासून मी टरबुजाले हात लावला नाई आत्याबाई. आपल्या हातानं कोनाचं लेकरू जाता जाता राह्यलं, म्हनून.

ती माझ्यावर रागावलेली नव्हती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. नवऱ्यापेक्षा जास्त. तिच्या हाताला काकडीचा वास येत होता आणि तिने माझा हात सोडला नव्हता. दुसऱ्या बायका सुऱ्या थांबवून ऐकत होत्या. कुणी बूम धरलेला नव्हता. 'पाहिलं म्हणा' असं सांगणारं तिथे कुणी नव्हतं. फक्त तिने एक विचारलं होतं आणि मला त्याचं उत्तर द्यायचं होतं.

'बरी आहे' म्हणता आलं असतं. ते निदान खरं होतं. पोरगी दुसऱ्याच दिवशी घरी येऊन मॅगी मागत होती.

मी डोक्यावर पदर घेतला. थांबून थांबून म्हटलं, "वाचली बाई. कशीबशी वाचली."

मंदाने माझ्या पायांवर डोकं ठेवलं.