थोरल्या जाऊबाईंचा पाय

आमच्या थोरल्या जाऊबाई लोकांना पाय लावायच्या आणि लोक वर त्यांनाच हात जोडायचे. त्या पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेल्या. अशा माणसाचा पाय लागला की लचक, उसण पळते, असं आमच्याकडे सगळेच मानत. बेलापूरच्या बाजारापर्यंत त्यांचं नाव होतं. सकाळी ओट्यावर कोणी ना कोणी लंगडत येऊन बसलेलं असायचंच.

मोठ्या माणसाला पाय लावायचा म्हणजे पंचाईत. जाऊबाई आधी वाकून नमस्कार करायच्या, पदर सावरायच्या आणि मगच मुरगळलेल्या घोट्यावर टाच हलकेच टेकवायच्या. एकदा मामंजींचाच पाय मुरगळला. जाऊबाई संकोचून उभ्याच. शेवटी मामंजी म्हणाले, "लाव बिनघोर. सुनेची लाथ नशिबात हुती, ती औषध म्हनून तरी खातो."

नुसता पाय लावून त्या थांबत नसत. आंबेहळद आणि तुरटीचा कोमट लेप, वर जुन्या लुगड्याची पट्टी, पायाखाली उशी. आणि ताकीद ठरलेली, "माजा पाय लागलेला पाय भुईला टेकायचा न्हाई, न्हाईतर गुन येनार न्हाई." गावातल्या सुनांना ही ताकीद फार आवडायची. लेप काय, कुठल्याही घरात मिळाला असता. बसायची परवानगी तेवढी जाऊबाईंकडेच मिळायची.

त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात त्यांच्या शब्दाला कोणी विचारत नसे, मान होता तो पायाला. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. ओट्यावर माणसं बसली की आत्याबाई "आमची थोरली" असं कौतुकानं म्हणायच्या, एरवी नाही. तेवढ्या दोन शब्दांवर जाऊबाई दिवसभर खुशीत असायच्या. मला त्यांची तेव्हा दया यायची आणि मायाही.

मी त्या घरात आले ती अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, अर्ध्यात टाकून. मॅट्रिकला बाहेरून बसायला आत्याबाईंनी होकार दिला, पण "कामं उरकून काय वाचायचं ते वाच," असं बजावून. शेतकऱ्याच्या घरातली कामं कधी उरकली आहेत का? पुस्तकं फडताळात आणि मी गोठ्यात! परीक्षा तोंडावर आली तरी गणिताला हात लागला नव्हता. मी मनातून परीक्षेवर पाणी सोडलं होतं. अशात गुरांसाठी उसाच्या वाढ्यांचा भारा घेऊन पाटाच्या कडेनं येताना माझा पाय मुरगळला आणि घोटा टम्म सुजला.

जाऊबाईंनी पाय लावला, लेप घातला, मला माजघरात बसवलं आणि पुस्तकं आणून पुढ्यात ठेवली. काही दिवसांत सूज ओसरली. मी आनंदानं उभी राहिले. जाऊबाईंनी आधी दाराकडे बघून घेतलं.

"खाली बस. पेपर कदी हाय?"

"अजून अवकाश आहे, आक्का."

"मंग पाय अजून दुखतोय तुजा."

त्यानंतर माझ्या धडधाकट पायाला रोज सकाळी ताजा लेप लागू लागला. माझ्या वाटणीचं शेणपाणी, भाकऱ्या, सगळं त्यांनी ओढलं. पण त्यांना खरा भुर्दंड पडत होता तो ओट्यावर, आणि तो मला आत बसून ऐकू यायचा. "घरच्याच सुनेला गुन न्हाई, आपल्याला काय येतोय?" असं म्हणून माणसं उठून जायची. "आमची थोरली" हे शब्दही आता ऐकू येईनात.

मला राहवेना. म्हटलं, "आक्का, मी उठते आता."

"गनित झालं?"

"नाही."

"मंग गप बस."

मी पास झाले, ओटा मात्र रिकामाच राहिला. पुढच्या वर्षी आत्याबाईंच्या पाठीत उसण भरली, तर त्यांनी पलीकडच्या वस्तीवरची पायाळू बाई बोलावली. घरात पायाळू सून असताना! स्वयंपाकघरात माझा संताप संताप झाला.

"आक्का, मी आत्याबाईंना सगळं सांगून टाकते."

"सांगशील. मंग मास्तरनीच्या कोर्साला तुला कोन धाडील? च्या उतू चाललाय, तिकडं बघ."

आणि त्यांनी स्वतः चहा नेऊन त्या बाईपुढे ठेवला. "गरम हाय, दमानं घ्या," असं म्हणालेलं मला ऐकू आलं. मी चुलीपुढे बसून रडले.

मी शिक्षिका झाले, पुरी नोकरी करून निवृत्तही झाले. जाऊबाई गेल्या तेव्हा दहाव्याला गावातल्या जुन्या बायका जमल्या होत्या. त्यातली एक म्हातारी हळहळत म्हणाली, "पायाळू हुती बिचारी, पन पायाला गुन न्हवता."

आत्याबाईंना जाऊन काळ लोटला होता, आता भ्यायचं कोणाला? मी सगळ्यांदेखत पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले.

"अगं बया," ती म्हणाली, "मंग आमी उगाच दुसरीकडं गेलो की."